वीतभर विमान

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या संस्थेच्या हायस्कुलात मी सव्वीस वर्षे चित्रकला शिकवली. फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून बोलण्याची मला सवय. त्यामुळे अध्यक्षसाहेबांनी आजच्या भाषणाचा आग्रह केला तेव्हा मी त्यांना म्हटले, "मी बोलण्यापेक्षा काहीतरी दाखवीन." ती वस्तू इथे टेबलावर ठेवली आहे. मागच्या रांगांना ती दिसत नसेल, कारण ती जेमतेम वीतभर आहे. कार्यक्रम संपल्यावर अवश्य जवळ येऊन पाहा. फक्त हात लावू नका, चाकांचे पाय फार नाजूक आहेत.

सभागृहात शिरताना एका पालकांनी मला थांबवले. विमान पाहून ते खूश झाले. "सर, हे करायला किती दिवस लागले?" मी म्हटले, "चार महिने. रोज मगरिबनंतर तास-दीड तास." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग अदबीने म्हणाले, "एवढ्या वेळात एखाद्या पोराला गणित शिकवले असते, तर त्याचे भले झाले असते." त्यांच्या मनात माझा अपमान करण्याचा हेतू मुळीच नव्हता. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या बापाचा तो प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. माझे आजचे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देतो. हे दुसऱ्या महायुद्धातील 'हरिकेन' नावाच्या लढाऊ विमानाचे मॉडेल आहे. हरिकेन म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे विमान येत नाही, कंदील येतो. त्याच कंदिलाच्या उजेडात आमच्यापैकी कितीतरी जणांनी मॅट्रिकचा अभ्यास केला. मूळ शब्दाचा अर्थ तुफान. हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे प्रथम उडाले. पुढे अशी १४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांनी इंग्लंडवर हल्ले चढवले तेव्हा नाव गाजले ते 'स्पिटफायर'चे. पण ब्रिटिश लढाऊ विमानांनी शत्रूची जी विमाने पाडली, त्यांतील निम्म्याहून अधिक या हरिकेननी पाडली होती.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आखातातून सुट्टीवर येताना मला याच्या भागांची पेटी आणून दिली. पेटीत काय असते? प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले पन्नास-साठ सुटे भाग, एक सूचनापत्रक आणि पाण्यात भिजवून उतरवायच्या चित्रांचा कागद. भाग चिकटवले की विमान तयार होते आणि एका रविवारात ते काम होऊनही जाते. मग मला चार महिने का लागले? कारण भाग चिकटवल्यावर विमानासारखी दिसणारी वस्तू तयार होते. ती विशिष्ट विमानाची प्रतिकृती व्हायला हवी असेल, तर प्रत्येक भागापाशी थांबून विचारावे लागते की, हे असे का आहे?

आता गणिताकडे वळतो, म्हणजे त्या पालकांचे समाधान होईल. हे मॉडेल १:७२ प्रमाणाचे आहे. मॉडेलवरचा १ इंच म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच, म्हणजेच ६ फूट. खऱ्या हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट. ४० फुटांचे ४८० इंच, त्यांना ७२ ने भागा, उत्तर येते ६.६७ इंच, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर. सहा फूट उंचीचा माणूस या विमानाशेजारी उभा केला, तर तो बरोबर एक इंचाचा होईल.

आमच्या गल्लीतील सातवीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसत असे. गुणोत्तर व प्रमाण हा धडा म्हणजे त्याचा शत्रू. एकदा पंखाची मागची कड दाखवून मी त्याला विचारले, "ही कड एक मिलिमीटर जाड आहे. खऱ्या विमानात किती जाड होईल?" त्याने बोटे मोडली आणि म्हणाला, "बहात्तर मिलिमीटर." मग आपल्याच उत्तराकडे पाहून हसला. "सर, म्हणजे सात सेंटिमीटर? एवढी जाड कड कशी असेल? ही तर धारेसारखी हवी!" मी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला. त्याने तीन संध्याकाळी बसून दोन्ही पंखांच्या कडा आतून घासून पातळ केल्या. वार्षिक परीक्षेत त्याला गणितात शंभर मिळाले असे सांगून मी तुमच्या टाळ्या घेणार नाही. त्याला सत्तेचाळीस मिळाले. पण भागाकार कशासाठी करायचा हे त्याला कळले, आणि आलेले उत्तर खरे वाटते की नाही हे तो आता स्वतः तपासतो. माझ्या मते गणिताची सुरुवात तिथे होते.

हे काही मी नवीन शोधलेले नाही. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळांना एक काम दिले. आपली व शत्रूची विमाने दुरून ओळखण्याचे शिक्षण वैमानिकांना, तोफांवरील सैनिकांना आणि टेहळणी करणाऱ्या नागरिकांना द्यायचे होते. त्यासाठी पाच लाख लाकडी मॉडेल्स हवी होती. ती शाळेतील मुलांनी आराखड्यांवरून लाकूड कोरून करायची होती, आणि प्रमाण हेच, १:७२. या प्रमाणाचे मॉडेल ३५ फुटांवर धरले की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावर असल्यासारखे दिसते. मुलांचे मॉडेल तपासले जाई, आणि मापात चूक असेल तर ते उपयोगाचे नसे. कारण चुकीच्या मॉडेलवर शिकलेला सैनिक आपल्याच विमानावर गोळी झाडील. मापातील चूक म्हणजे नुसते गुण कमी होणे नव्हे, हे त्या मुलांना कोणी वेगळे सांगावे लागले नसेल.

आता कामाचा क्रम सांगतो, म्हणजे घरी कोणाला करून पाहायचे असेल तर उपयोगी पडेल. प्रथम सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, कारण साच्यातून निघताना त्यांवर तेलकटपणा राहतो आणि रंग धरत नाही. भाग चौकटीतून पिळून तोडू नये. धारदार पात्याने कापावा, आणि पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे. कापल्याची खूण बारीक कानशीने घासावी. चिकटवण्यापूर्वी दोन भाग कोरडेच जुळवून पाहावेत. यातले द्रावण डिंकासारखे नसते. ते प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवते आणि दोन भाग एकजीव करते. थेंबभर जास्त झाले आणि बोट लागले, की बोटाचा ठसा कायमचा उमटतो. खिडकी उघडी ठेवावी, कारण द्रावणाची आणि रंगाची वाफ डोक्यात जाते. लहान मुलांनी वडील माणसांशिवाय हे काम करू नये. पंखांची टोके दोन्हीकडे सारखी वर उचललेली हवीत. त्यासाठी मी दोन्ही टोकांखाली काड्यापेट्या ठेवून रात्रभर वाळू दिले. सांध्यांतील फटींत लांबी भरावी, वाळल्यावर घासावी, आणि मगच रंगाचा विचार करावा.

काम बाहेरून सुरू होत नाही, आतून सुरू होते. वैमानिकाची बैठक आधी पूर्ण करावी लागते, कारण दोन बाजू एकदा जुळवल्या की आत हात जात नाही. हरिकेनच्या बैठकीत एक विशेष आहे. तिथे घरासारखी सपाट जमीन नाही. वैमानिकाच्या टाचांसाठी दोन लांबट पन्हळी आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूने खाली विमानाचा सांगाडा दिसतो. माझ्या पेटीत मात्र साधी सपाट जमीन दिलेली होती. ती मी कापून काढली आणि आतल्या नळ्यांचा सांगाडा नव्याने केला. नळ्या कुठून आणल्या? भाग ज्या चौकटीला चिकटलेले असतात, ती चौकट आपण फेकून देतो. तिचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर फिरवून मऊ करावा आणि दोन्ही हातांनी ओढावा. सावकाश ओढला तर जाड काडी, झटकन ओढला तर केसासारखा तंतू. सांगाडा त्यातूनच झाला, आणि पाठीवरच्या खांबापासून शेपटीपर्यंत जाणारी बिनतारी यंत्राची तारही त्याच तंतूची आहे.

इथे माझी एक चूक सांगतो. विमानाच्या मागच्या अर्ध्या भागावर लांबीच्या दिशेने बारीक उंचवटे होते. साचा खराब असावा अशा समजुतीने मी ते एका बाजूने घासून गुळगुळीत केले, आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी चित्रे नीट पाहिली तेव्हा डोक्यावर हात मारून घेतला. हरिकेनचा मागचा भाग पत्र्याचा नव्हताच. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. त्या पट्ट्यांचे उंचवटे कापडातून दिसत. विमान जुन्या पद्धतीचे होते हे खरे, पण त्यात एक शहाणपणही होते. गोळी कापडातून आरपार गेली तर भोकावर ठिगळ लावून विमान पुन्हा उडवता येई. मी जे दोष समजून घासले होते, तेच त्या विमानाचे वैशिष्ट्य होते. मग त्या बाजूवर एकेक तंतू चिकटवून, त्यावर रंगाचे अस्तर देऊन, पुन्हा घासून मी ते उंचवटे परत आणले. त्यात सहा संध्याकाळी गेल्या. शिक्षकांनो, वर्गातील एखाद्या मुलाला आपण असेच घासून गुळगुळीत करत नाही ना, हा विचार त्या सहा संध्याकाळी माझ्या मनातून जात नव्हता.

ही प्रतिकृती कोणत्या विमानाची करावी, हेही ठरवायचे होते. इंग्लंडच्या आकाशातील हरिकेन सर्वजण करतात. मी भारतीय हवाई दलाचे निवडले. आपले हवाई दल १९३२ साली स्थापन झाले. १९४२ पासून त्याच्या तुकड्यांना हरिकेन मिळू लागली. त्यातील सहाव्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते मेहर सिंग. १९४३ च्या अखेरीस ही तुकडी ब्रह्मदेशाच्या सीमेवर, आराकानच्या आघाडीवर गेली. तिचे मुख्य काम विमाने पाडण्याचे नव्हते, पाहण्याचे होते. घनदाट जंगलावरून खाली उडत जायचे, शत्रूच्या वाटा, पूल, नावा, छावण्या हेरायच्या, छायाचित्रे घ्यायची आणि परत येऊन अचूक सांगायचे. विमाने जोडीने जात. एकाने जमिनीवर नजर ठेवायची, दुसऱ्याने आकाशावर नजर ठेवून त्याला सांभाळायचे. या तुकडीला 'चौदाव्या सैन्याचे डोळे' म्हणत. मेहर सिंग यांना १९४४ मध्ये डी. एस. ओ. हे मोठे पदक मिळाले. त्याच वर्षी इंफाळला वेढा पडला, तेव्हा पहिल्या स्क्वॉड्रनचे तरुण प्रमुख अर्जन सिंग हेही हरिकेनमधूनच लढत होते. तेच पुढे भारतीय हवाई दलाचे मार्शल झाले.

त्या पिढीतील आणखी एक नाव आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ १९४२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी हवाई दलात आले. १९४३-४४ मध्ये त्यांना इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर चालवण्याचे शिक्षण मिळाले, आणि परतल्यावर ते ब्रह्मदेशाच्या मोहिमेत उतरले. १९४७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलात येण्याचा आग्रह त्यांना जुन्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी भारतातच राहायचे ठरवले. १९७८ ते १९८१ ते हवाई दलाचे प्रमुख होते, आणि १९८२ ते १९८५ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

आता रंग. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. जंगलावरून उडणाऱ्याला वरून पाहिले तर तो जंगलात मिसळला पाहिजे, खालून पाहिले तर आभाळात. नाकाखाली जो फुगीर भाग दिसतो, ती धूळ अडवणारी गाळणी. कच्च्या धावपट्ट्यांवरची धूळ इंजिनात गेली तर इंजिन लवकर झिजते. धुराड्यांच्या मागे मी काळपट पट्टे ओढले, कारण धूर तिथूनच मागे जातो. पंखाच्या बुंध्याशी रंग खरवडला, कारण वैमानिक आणि मेकॅनिक तिथेच पाय ठेवून चढतात. इतरत्र खरवडला नाही. नवखा माणूस उत्साहात सगळ्या विमानावर डाग पाडतो आणि त्याला जुनेपण समजतो. डागालाही कारण हवे.

सर्व झाल्यावर मी पंखांवर ओळखचिन्हे उतरवली. निळे वर्तुळ, आत पांढरे, मध्ये तांबडा ठिपका. पेटीत तीच होती. दुसऱ्या दिवशी शेजारची नववीतली मुलगी तिच्या अम्मीने दिलेला डबा घेऊन आली. ती ओसरीवर बसून माझी पुस्तके चाळत असे. विमानाकडे पाहून तिने विचारले, "सर, हे ब्रह्मदेशातले ना? मग तांबडा ठिपका कसा?" मी म्हटले, "ब्रिटिशांचे चिन्ह तसेच असते, बेटा." ती पुस्तक घेऊन आली आणि चित्रावर बोट ठेवले. तिचेच खरे होते. जपानी विमानांवर तांबडा गोल असे. घाईत, उन्हात, झाडांच्या आडून नुसता तांबडा ठिपका दिसला तरी आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालण्याचा धोका होता. म्हणून १९४३ मध्ये या आघाडीवरील विमानांच्या चिन्हातून तांबडा रंग काढून टाकला, आणि गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका आला.

चार महिन्यांच्या कामानंतर नववीतल्या मुलीने चूक दाखवली. खोटे कशाला बोलू, क्षणभर वाईट वाटले. एवढी बारीक गोष्ट कोण पाहणार, असेही मनात आले. पण ज्या ठिपक्यासाठी माणसे मेली असती, तो बारीक कसा म्हणावा? चिकटपट्टीने चिन्हे उचलून काढली, खालचा रंग पुन्हा दिला आणि नवी चिन्हे हाताने रंगवायला घेतली. उजव्या पंखावरचे माझ्या हातून झाले. डाव्या पंखावरचे तिने केले. जवळ येऊन पाहाल तेव्हा दोहोंतले अधिक नेटके कोणते ते तुम्हीच ठरवा.

आमच्या मोहल्ल्यातील एका बुजुर्गांनी मला वेगळाच प्रश्न केला. "मास्तर, हे माणसे मारण्याचे यंत्र. मुलांना याचा शौक कशाला लावता?" प्रश्न रास्त आहे. या विमानाच्या पंखांत चार तोफा आहेत आणि त्या मी झाकलेल्या नाहीत. युद्ध म्हणजे तमाशा असे ज्याला वाटते, त्याने एकदा हे एवढेसे विमान करून पाहावे. पेटीत वैमानिकाची छोटी आकृती होती. मी ती बसवली नाही. खुर्ची रिकामी ठेवली आहे, तिचे पट्टे दोन्ही बाजूंना सुटे पडले आहेत. वीस-बावीस वर्षांची मुले त्या खुर्चीत बसून गेली आणि त्यांतली कितीतरी परत आली नाहीत. चिमट्याने ते पट्टे बसवताना मुले माझ्याभोवती होती, आणि कोणीही बंदुकीचा आवाज काढला नाही.

आता आणखी तीन माणसे सांगतो आणि आवरते घेतो.

पहिले अब्बास इब्न फिरनास. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात त्यांनी पंख बांधून उडण्याचा प्रयत्न केला. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी याने तो प्रसंग नोंदवला आहे. ते काही अंतर उडाले, पण उतरताना त्यांच्या पाठीला मार लागला. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, आणि यांनी शेपूट केलेलीच नव्हती. हिंमत होती, विद्या होती. एक बारकावा राहिला. आपल्या पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगा, पण त्यांच्या राहून गेलेल्या शेपटीपासूनही शिका.

दुसरे सिडनी कॅम. हरिकेनचा आराखडा करणारे हेच. इंग्लंडमधील विंडसर गावच्या एका सुताराचा हा मुलगा, भावंडांत थोरला. शाळा लवकर सुटली आणि सुतारकामाची उमेदवारी सुरू झाली. भावाबरोबर तो विमानांची मॉडेल्स करून जवळच्या ईटन शाळेतील श्रीमंतांच्या मुलांना विकत असे. त्याच हातांनी पुढे हरिकेन घडवले, आणि नंतर हंटर हे जेट विमानही. तेच हंटर, ज्यांनी डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानात लोंगेवालापाशी शत्रूचे रणगाडे रोखले. सुताराच्या मुलाने मॉडेल करण्यात घालवलेल्या संध्याकाळी वाया गेल्या, असे कोणी म्हणेल काय?

तिसऱ्या एल्सी मॅकगिल. कॅनडातील इंजिनियर. ऐन विद्यार्थिदशेत पोलिओ झाला, त्यानंतर काठ्यांच्या आधाराने चालाव्या लागल्या. युद्धकाळात फोर्ट विल्यम येथील कारखान्यात हरिकेन तयार करण्याच्या कामाच्या त्या मुख्य इंजिनियर होत्या, आणि तिथून १४०० हून अधिक हरिकेन बाहेर पडली. लोक त्यांना 'हरिकेनची राणी' म्हणत.

हे नाव मी मुद्दाम शेवटी घेतले. डाव्या पंखावरचे चिन्ह रंगवणारी ती मुलगी यंदा दहावीला बसेल. तिला तांत्रिक शिक्षण घ्यायचे आहे. घरात विचार चालू आहे. मुलीच्या जातीने कानस आणि पाने घेऊन काय करायचे, असे कोणी म्हणते. कॉलेज लांब आहे, असे कोणी म्हणते. निर्णय तिच्या अम्मी-अब्बांचा आहे आणि तो त्यांच्यावर लादण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त एका शिक्षकाची साक्ष देतो. सव्वीस वर्षांत हजारो मुले माझ्या हाताखालून गेली. जे सर्वांनी पाहिले आणि कोणालाच दिसले नाही, ते पाहणारी नजर मी फार थोड्यांत पाहिली. तिच्यात पाहिली. ती नजर वाया गेली, तर ते नुकसान एकट्या तिचे होणार नाही.

संस्थेकडे माझे एक मागणे आहे. एक रिकामी खोली, दोन मजबूत टेबले, एक चांगला दिवा आणि कुलूपाचे कपाट द्या. परदेशी पेट्यांची गरज नाही. पांगाऱ्याचे हलके लाकूड, पुठ्ठा, कानस, पॉलिश पेपर आणि मोजपट्टी एवढ्यावर आपली मुले विमान, पूल, गलबत, आपल्या गावची मशीद, जे म्हणाल ते मापात करतील. मुलगे आणि मुली दोघांसाठी. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी येईन, मानधन नको.

ज्या पालकांनी मला प्रश्न विचारला ते समोरच बसले आहेत. भाईसाहेब, तुमचे म्हणणे मी मनापासून ऐकले. मुलांना गणित शिकवलेच पाहिजे, आणि चांगले शिकवले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, या चार महिन्यांत एक मुलगा उत्तर तपासायला शिकला, एका मुलीने शिक्षकाची चूक दाखवण्याचे धैर्य केले, आणि एक म्हातारा शिक्षक आपली चूक मान्य करायला शिकला. याचे मोल तुम्ही करा. आणि येत्या गुरुवारी संध्याकाळी तुमच्या मुलाला माझ्या ओसरीवर पाठवा. मेणबत्ती मी लावून ठेवीन.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.